ऐकणारा मेंदू (भाग ९) : दमलेला की दचकलेला?

गेल्या आठवड्यात आपण ध्वनीला कानाच्या पडद्यापासून मेंदूच्या श्रवणभागापर्यंत पोचवलं आणि तिथंच सोडून दिलं. आता पुढचा प्रश्न. तिथं येऊन पडणाऱ्या आवाजांपैकी कुठला नवा आणि कुठला तोच तो, हे ठरवतं कोण? ठरवलं तर जातंच, आणि तेही आपण लक्ष देण्याच्या आधी.

हे पाहण्याचा प्रयोग कमालीचा कंटाळवाणा आहे. माणसाला खुर्चीत बसवायचं. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली थंडगार जेलचा ठिपका (घरी गेल्यावर नहाणं आलंच). समोर आवाज बंद करून, खाली सबटायटल लावून ठेवलेला सिनेमा. कानांवर हेडफोन. सूचना एवढीच, की सिनेमा बघा, कानात जे वाजेल त्याकडे लक्ष देऊ नका. मग सुरू होतं : टुक, टुक, टुक, टुक. एकाच पट्टीतला, एकाच लांबीचा, दर अर्ध्या सेकंदाला एक. आठदहा झाले की मध्येच एखादा किंचित वरच्या पट्टीतला टुक. पुन्हा तेच जुने. असं बराच वेळ. सिनेमात रमलेल्या माणसाला नंतर विचारा, वेगळा टुक किती वेळा आला? त्याला सांगता येणार नाही. टोपीला येतं.

अर्थात टोपीलाही ते सहजासहजी येत नाही. ईईजीमध्ये, म्हणजे या टोपीच्या विद्युत नोंदीत, मेंदूची रोजची गजबज दहावीस मायक्रोव्होल्टची असते आणि एका टुकला मिळणारा प्रतिसाद जेमतेम दोन-चार मायक्रोव्होल्टचा, त्यात पार बुडालेला. म्हणून शेकडो टुकांचे प्रतिसाद एकावर एक ठेवून सरासरी काढतात. गजबजीचा टुकशी संबंध नसतो. ती कधी वर, कधी खाली, त्यामुळे सरासरीत झिजते. शंभर वेळा केलं की दहाव्या हिश्श्यावर येते. टुकशी बांधलेला भाग मात्र टिकून राहतो. वेगळ्या टुकच्या सरासरीतून नेहमीच्या टुकची सरासरी वजा केली, की कागदावर एक खळगा उरतो. फरक कानी पडल्यापासून साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांत, आणि कपाळाच्या वर, टाळूच्या पुढच्या बाजूला सगळ्यात खोल. (ईईजीवाल्यांचा एक जुना रिवाज ऋण बाजू वर काढण्याचा आहे. त्यामुळे काही शोधनिबंधांत हाच खळगा टेकडीसारखा दिसतो. घाबरून जायचं कारण नाही.)

फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ रिस्तो नॅटॅनेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७८ साली हा खळगा पहिल्यांदा वेगळा काढून दाखवला. नेहमीचा आवाज १००० हर्ट्झचा, वेगळा ११४० हर्ट्झचा. दोन्ही कानांत वेगवेगळी माळ वाजत होती आणि माणसानं एकाच कानाकडे लक्ष द्यायचं होतं. दुर्लक्षित कानातल्या वेगळ्या आवाजालाही खळगा उमटला, आणि खरी बातमी ती होती. त्याला नाव पडलं मिसमॅच निगेटिव्हिटी, रोजच्या वापरात एमएमएन. नॅटॅनेन यांचा अर्थ असा : मेंदू नुकत्याच ऐकलेल्या आवाजांची नोंद ठेवतो, येणारा प्रत्येक आवाज तिच्याशी ताडून पाहतो, आणि जुळलं नाही की हा खळगा.

हे पटतं. पण मॉडेल बांधणारा माणूस इथंच अडून बसतो. ताडून पाहतो म्हणजे नक्की काय करतो? नोंद कुठल्या पेशीत आहे? वजाबाकी कोण करतं? चित्रात ‘स्मृती’ नावाचा एक चौकोन काढून त्यातून ‘तुलना’ नावाच्या दुसऱ्या चौकोनाकडे बाण नेला, तर वाचकाचं समाधान होईल, पण संगणकावर तो चौकोन चालत नाही. तिथं चेतापेशी किती, कोण कुणाला जोडलेली, जोडणी उत्तेजित करणारी की दाबणारी, हे सगळं लिहून द्यावं लागतं. एरवी शब्दांत लपून जाणारी पळवाट तिथं सापडते. ‘न्यूरल नेटवर्क’ म्हटलं की हल्ली फोनमधल्या बोलक्या मदतनिसांची आठवण होते. ही जाळी त्या जातीची नव्हेत. त्यांच्यापुढे ती अगदी चिमुकली, आणि त्यांनी काही उपयोगाचं काम करावं अशी कुणाची अपेक्षाही नाही. मेंदूसारखं चुकता आणि मेंदूसारखं हलता आलं, की झालं.

तर मग सगळ्यात स्वस्त जाळं बांधून बघू. त्याला संगणकही नको, पेन पुरे.

दोन पट्ट्यांचे दोन मार्ग घ्या : नेहमीच्या टुकचा एक आणि वेगळ्या टुकचा दुसरा. प्रत्येक मार्गावर एक सिनॅप्स, म्हणजे एका चेतापेशीनं दुसरीला रसायन पोचवण्याची जागा. त्या रसायनाचा साठा मर्यादित असतो. एक टुक आला की साठ्याचा काही भाग खर्च होतो आणि मग हळूहळू भरून निघतो. मिशा त्सोडिक्स आणि हेन्री मार्क्रम यांनी १९९७ साली हे गणितात बसवलं. आपण सोयीचे आकडे घेऊ : दर टुकला असलेल्या साठ्यातला निम्मा खर्च, आणि भरून येण्याचा कालांक ८०० मिलिसेकंद. पहिल्या टुकला पूर्ण साठा, म्हणजे प्रतिसाद १००. अर्ध्या सेकंदानं दुसरा टुक येतो तेव्हा साठा पुरता भरलेला नसतो, प्रतिसाद ७३. तिसऱ्याला ६६, चौथ्याला ६४, आणि मग ६३-६४ वर तो स्थिरावतो. आता वेगळा टुक येऊ द्या. त्याचा मार्ग पाच सेकंद रिकामाच होता, साठा काठोकाठ. प्रतिसाद १००.

इथं नोंद नाही, तुलना नाही, अपेक्षा तर नाहीच. एक मार्ग दमलेला, दुसरा ताजा, एवढंच. तरी बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की जाळ्यानं बदल ओळखला! दोन पट्ट्या जवळजवळच्या असतील तर मार्ग थोडे सामाईक होतात, ताजेपणा कमी पडतो आणि फरक लहान होतो. माणसांतही नेमकं तसंच होतं, फरक बारीक तर खळगा उथळ. एवढ्या फाटक्या सामग्रीत इतकं जमावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे नुसतं कागदावरचं नाही. २००३ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या नाचुम उलानोव्स्की, लिओरा लास आणि इस्राएल नेल्केन यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या श्रवणभागात एकेका चेतापेशीचे विद्युत ठोके मोजले. आधी पहिली पट्टी नेहमीची आणि दुसरी विरळा, मग अदलाबदल. तीच पट्टी, तीच चेतापेशी, पण पट्टी विरळा असताना ठोके जास्त आणि सरसकट वाजत असताना कमी. फिनलंडचेच पॅट्रिक मे आणि हानू टीटिनेन यांनी २०१० साली सविस्तर लिहून थेट भूमिका घेतली, की एमएमएन नावाची स्वतंत्र गोष्टच मानायला नको. कुठल्याही आवाजाला शंभरेक मिलिसेकंदांनी येणारा जो नेहमीचा प्रतिसाद असतो, तोच इथं कमी दमलेल्या मार्गावरून मोठा होऊन, थोडा उशिरा दिसतो. नॅटॅनेन यांच्या गोटाला हे मानवलं नाही, आणि वाद एकाच देशातल्या दोन घरांत रंगला.

दमलेल्या जाळ्याला पेचात पकडायचं कसं? तीन डाव आहेत, आणि तिन्ही सुंदर आहेत.

पहिला डाव हळू आवाजाचा. नेहमीचा टुक जोरात आणि वेगळा टुक हळू ठेवला, तरी खळगा येतो. एकाच पट्टीतल्या हळू आवाजाला ताजा मार्ग मिळायचा कुठून? थकवेवाल्यांकडे याचं उत्तर आहे : काही पेशींना मुळात हळू आवाजच भावतो. अशा पेशी असतातही. त्यामुळे हा डाव निर्णायक नाही.

दुसरा डाव मला सगळ्यात आवडतो. सा, प, सा, प, सा, प अशी माळ लावा आणि मध्येच प च्या जागी पुन्हा सा वाजवा. इथं वेगळा असा आवाजच नाही. नेहमीचाच आवाज चुकीच्या जागी आला. आपल्या कागदी जाळ्यात हिशेब करून पाहा. एक आड एक येणाऱ्या सा ला दर वेळी एक सेकंदाची विश्रांती मिळते, म्हणून प्रतिसाद ८३ वर स्थिरावतो. लागोपाठ आलेल्या दुसऱ्या सा ला विश्रांती अर्ध्याच सेकंदाची; प्रतिसाद ६९. म्हणजे दमलेलं जाळं सांगतं की इथं प्रतिसाद घटेल. माणसाच्या मेंदूत तो वाढतो.

तिसरा डाव म्हणजे काहीच न वाजवणं. हिरोओकी याबे आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली भरभर टुक वाजवत ठेवून मध्येच एक गाळला. शांततेलाही खळगा उमटला. सिनॅप्स कितीही ताजा असला तरी त्यावर काही येऊन आदळलंच नाही, तर प्रतिसाद कशाला? मात्र एक अट होती, आणि ती सहसा सांगायची राहून जाते. दोन टुकांमधलं अंतर साधारण दीडशे मिलिसेकंदांच्या आत असेल तरच हे घडतं. अर्ध्या सेकंदानं येणाऱ्या टुकांतला एक गाळला तर हा खळगा येत नाही. मेंदू अपेक्षा करतो म्हणायचं, तर मग अर्ध्या सेकंदाची अपेक्षा त्याला का झेपत नाही? हा प्रश्न अपेक्षावाल्यांनी सोडवायचा आहे.

आता त्यांचं जाळं पाहू. मूळ कल्पना दृष्टीच्या अभ्यासातून आली. राजेश राव आणि डॅना बॅलार्ड यांनी १९९९ साली मांडलं, की मेंदूच्या वरच्या पायऱ्या खालच्या पायऱ्यांना ‘आता हे येणार’ असं कळवत राहतात, आणि वर चढून जातो तो फक्त चुकलेला भाग. आवाजाच्या बाबतीत हे खऱ्या चेतापेशींसारखे ठोके देणाऱ्या, संगणकातल्या चेतापेशींनी बांधून दाखवलं ते पॅरिसच्या कॅथरिन वाकोन्य, जाँ-पिएर शाँझ आणि स्तानिस्लास दहान यांनी, २०१२ साली.

त्यांच्या जाळ्यात चेतापेशींच्या तीन टोळ्या आहेत. एक, थॅलॅमसकडून (श्रवणभागाच्या आधीचा मेंदूतला थांबा) आलेला आवाज कळवणारी. दुसरी, नुकत्याच होऊन गेलेल्या आवाजांच्या आठवणीवरून पुढचा आवाज कुठला ते आधीच कळवणारी. तिसरी, या दोघींचं ऐकणारी. खालून आलेला संदेश तिला चेतवतो आणि वरून आलेला अंदाज, मधल्या दाबणाऱ्या पेशींमार्फत, तिला गप्प करतो. अंदाज बरोबर असेल तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि तिसरी टोळी शांत. चुकला तर ठोक्यांचा भडका. तोच टोपीवरचा खळगा.

अंदाज शिकतो कसा? शिकवायला वर कुणी मास्तर बसलेला नाही. एका पेशीनं ठोका दिला आणि पाठोपाठ दुसरीनं दिला, तर त्यांच्यातली जोडणी घट्ट. क्रम उलटा असेल तर सैल. एवढ्या नियमावर ‘सा नंतर प’ ही सवय जाळ्यात आपोआप उतरते. मग सा नंतर सा आला की प चा अंदाज वाया जातो, आणि आलेल्या सा ला दाबायला कुणीच नसतं. दुसरा डाव सुटला. गाळलेल्या आवाजाला आणि विरळा पट्टीलाही हे जाळं प्रतिसाद देतं. मॉडेलनं आधी वर्तवलेलं मग त्याच गटानं माणसांवर, एमईजी यंत्राखाली (हे मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजतं) तपासलं. निकाल थकव्याच्या नव्हे, अपेक्षेच्या बाजूनं लागला.

या जाळ्याला जे जमत नाही, तेही मेंदूशी जुळणारंच आहे. त्याची नजर आखूड आहे; फक्त मागच्या एकदोन आवाजांवरून पुढचा अंदाज. तबल्याचा ठेका घ्या. तीनतालात खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा गळतो. प्रत्येक आवर्तनात गळतो, त्यामुळे जाणत्या श्रोत्याला त्यात अनपेक्षित काहीच नाही. उलट नाही गळला तर तो मान वर करून बघेल. पॅरिसच्याच गटानं २००९ साली याच बांधणीचा प्रयोग केला होता : चार सारखे आवाज आणि पाचवा वेगळा, हीच पाचांची लगड पुन:पुन्हा. पाचवा वेगळा असणार हे माणसाला पाठ झालेलं असतं, तरी एमएमएन दर वेळी येतच राहतो. आणि मध्येच पाचही सारखे वाजवले, तर एमएमएन गप्प, पण तीनशे मिलिसेकंदांच्या पुढे एक निराळी, मोठी, डोकंभर पसरलेली लाट उठते. ती उठायला माणूस जागा आणि लक्ष देऊन असावा लागतो. म्हणजे मेंदूत निदान दोन पहारेकरी आहेत. एक घाईचा आणि आखूड नजरेचा, दुसरा सावकाश आणि लांबचं पाहणारा. वाकोन्य यांचं जाळं पहिल्याचं आहे आणि ते दुसऱ्याचा आव आणत नाही, ही त्याची सचोटी.

तर दमलेला की दचकलेला? माझं मत विचाराल तर भांडण चुकीच्या जागी चाललंय. सिनॅप्सचा रिकामा झालेला साठा हीसुद्धा एक नोंदच आहे : ‘हा आवाज नुकताच होऊन गेला.’ निसर्गाला ती फुकटात मिळते. अशी फुकटची नोंद टाकून देऊन मेंदूनं सगळा हिशेब वरून येणाऱ्या अंदाजांवर चालवावा, हे मला पटत नाही. २०१७ साली स्पेनमधल्या सालामांका इथल्या मानुएल माल्मिएर्का यांच्या गटानं उंदरांत मोजलेलं याच्याशी जुळतं. त्यांनी एक जास्तीची माळ वाजवली, जिच्यात अनेक पट्ट्या सारख्याच विरळा होत्या. त्यामुळे प्रत्येक मार्ग ताजा, पण मोडायला नियम असा नाहीच. या माळेतल्या प्रतिसादापेक्षा नियम मोडणाऱ्या आवाजाचा प्रतिसाद जितका जास्त, तितका दचकण्याचा वाटा. मध्यमेंदूपासून थॅलॅमस आणि तिथून वरच्या श्रवणभागापर्यंत हा वाटा पायरीपायरीनं वाढत जातो. थकवा तळाशी, अपेक्षा वर, आणि मध्ये दोन्हींची सरमिसळ.

मॉडेलांबद्दल एक तक्रार मात्र नोंदवतो. या जाळ्यांत फिरवायच्या खुंट्या पुष्कळ असतात : जोडणीची ताकद, विसरण्याचा वेग, दाबण्याचा उशीर. पुरेशा खुंट्या पिळल्या की कुठलंही जाळं कुठल्याही खळग्याशी जुळवता येतं. म्हणून मी जुळलेल्या आलेखांना फार भाव देत नाही. खुंट्या घट्ट बांधून टाकल्यावर जाळ्यानं आधी काय वर्तवलं आणि ते प्रयोगात उतरलं का, तेवढं बघतो. मघाचं ८३ आणि ६९ चं भाकीत चुकलं, पण चुकण्याइतकं स्पष्ट होतं. शब्दांतल्या सिद्धांताला ही सोय नसते.

दवाखान्यातही या सगळ्याला किंमत आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हा खळगा सरासरीनं उथळ असतो, हे १९९१ पासून अनेकदा दिसलं. सरासरीनं, एका माणसाचा आलेख पाहून निदान होत नाही. माकडांच्या श्रवणभागात एनएमडीए नावाचे रासायनिक ग्राहक बंद केले की खळगा जातो, हे १९९६ साली दाखवलं गेलं. हेच ग्राहक अडवणारं केटामाइन निरोगी माणसाला दिलं तरी तो उथळ होतो. वाकोन्य यांच्या जाळ्यात शिकणं आणि अंदाज कळवणं याच ग्राहकांवर चालतं. ते कमजोर केले की जाळ्याचाही खळगा खचतो. कोमातल्या माणसाकडून ना सहकार्य मागावं लागतं ना लक्ष, त्यामुळे तिथंही ही तपासणी होते. खळगा दिसला तर शुद्धीवर येण्याची आशा वाढते. नाही दिसला तर मात्र त्यावरून काही ठरवता येत नाही. न दिसूनही शुद्धीवर आलेले रुग्ण आहेत.

एक गोष्ट या सगळ्या जाळ्यांच्या आवाक्याबाहेर राहते. १९९७ साली नॅटॅनेन यांच्या गटानं फिनिश आणि एस्टोनियन माणसांना काही स्वर ऐकवले. त्यातला एक एस्टोनियनमध्ये आहे, फिनिशमध्ये नाही. त्या स्वराला एस्टोनियन मेंदूंत खळगा खोल, फिनिश मेंदूंत उथळ. आवाज तोच, कान तसेच, पण मेंदू आपापल्या भाषेत दचकतो. आपल्याला याचं नवल वाटू नये. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्यांना तो जवळजवळ कळेनासा झाला, कारण त्यांच्या घरात त्याचा काही उपयोग नव्हता. मराठी घरातल्या बाळाला ‘ताट’ मागायचं असतं, त्यामुळे त्याचा कान तो फरक धरून ठेवतो. आपली कागदी जाळी पाच सेकंदांपूर्वीचं विसरतात, पॅरिसचं जाळं काही मिनिटांच्या माळेवर शिकतं. पाळण्यात सुरू होऊन जन्मभर पुरणारी अपेक्षा आणि आत्ताच्या टुकची अपेक्षा एकाच जाळ्यात कशी नांदवायची, यावर समाधानकारक मॉडेल माझ्या पाहण्यात नाही.

पुढच्या आठवड्यात एकाच वेळी येणारे अनेक आवाज घेऊ : लग्नाच्या हॉलमध्ये, बँड चालू असताना, समोरच्याचं बोलणं मेंदू वेगळं कसं काढतो. आजचे दोन्ही पहारेकरी तिथंही कामाला येतील. ज्यांना हिशेब करून पाहायचा असेल त्यांनी तोवर कागदी जाळ्यात टुकांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाऐवजी दीडशे मिलिसेकंद घ्यावं. प्रतिसाद २९ च्या आसपास स्थिरावायला हवा.